डेम्लो : एका स्टेशनाचे नाव मिळालेल्या संख्या

पनवेलजवळच्या करंजाडेहून डोंबिवली फार दूर नाही. लोकलच्या गर्दीमुळे हे स्टेशन सर्वांना ठाऊक आहे. पण जी.आय.पी. रेल्वेच्या काळातले त्याचे ‘डेम्लो’ हे नाव गणितात टिकून राहिले आहे. तिथे सुचलेल्या संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी तेच नाव दिले. त्यांतल्या काही पाहा :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

अंक चढतात आणि उतरतात. असे का होते? फळ्यावर गुणाकार सविस्तर मांडला की उत्तर दिसते.

```
   ११११
  ११११×
 ११११××
११११×××
-------
१२३४३२१
```

प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. उभ्या स्तंभांत अनुक्रमे १, २, ३, ४, ३, २, १ एवढे एकक जमतात. उत्तरातला प्रत्येक अंक म्हणजे त्या स्तंभाची उंचीच!

नऊ एककांपर्यंत हे चालते : १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एकक घेतले की मधल्या स्तंभात १० जमतात. शून्य लिहून हातचा एक डावीकडे जातो. तिथल्या ९ चे १० होतात, पुन्हा हातचा. त्यापुढच्या ८ चे ९ होतात. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ नाहीसा झाला! स्तंभांची रचना तशीच आहे, फक्त दशमान लेखनात ती आता मावत नाही.

कापरेकरांच्या कामावर आक्षेप होता तो नेमका इथेच. अंकांच्या गमती हा लेखनपद्धतीचा गुण, संख्यांचा नव्हे, म्हणून अनेक गणितज्ञांनी त्या किरकोळ मानल्या. कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर पदवी नव्हती. पुस्तिका पदरमोड करून छापत. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर पोचले.

आक्षेप खोटा नव्हता. पण शाळेत आपण शिकवतो ती स्थानिक किंमत आणि हातचा, म्हणजे लेखनपद्धतीच ना? वर्गात पहिल्या चार ओळी लिहा, दहावी ओळ मुलांना आधी अंदाजाने सांगू द्या, आणि मग गुणाकार करायला लावा. आकृती मोडते तिथेच हातचा का घ्यायचा, हे त्यांना डोळ्यांनी दिसेल.