व्याघ्रगणना (भारत)
भारतातील वाघांच्या संख्येचा अंदाज घेण्याच्या प्रक्रियेस व्याघ्रगणना म्हणतात. पूर्वी वनकर्मचारी पाऊलठसे काचेवर रेखाटून वाघ ओळखत. माती व चालीनुसार ठसा बदलत असल्याने एकाच वाघाची दुबार नोंद होण्याचा धोका असे. राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात कागदोपत्री वाघ असताना प्रत्यक्षात एकही उरला नसल्याचे २००५ मध्ये स्पष्ट झाले. २००६ पासून दर चार वर्षांनी नव्या पद्धतीने गणना होते. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे वेगळे असल्याने स्वयंचलित कॅमेऱ्याच्या छायाचित्रांवरून तो ओळखता येतो. छायाचित्रात न आलेल्या वाघांचे प्रमाण सांख्यिकीय पद्धतीने काढतात. म्हणून २०२२ चा ३,६८२ हा आकडा सरासरी अंदाज आहे, शिरगणती नव्हे.