सावित्रीच्या खोऱ्यातील शाळा आणि धंदेशिक्षण

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे, सावित्री नदीच्या खोऱ्यातील, सह्याद्रीला टेकलेले तालुके. येथील शिक्षणाचा इतिहास दोन प्रश्नांभोवती फिरतो. शाळेत कोणाला बसू दिले गेले, हा पहिला. आणि शिकलेल्याला काम कोठे मिळाले, हा दुसरा.

महाड ही जुनी व्यापारपेठ. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून वरंध घाटाने आणि पारघाटाने उतरे व सावित्रीच्या खाडीतून पुढे जाई. पेढ्यांना, खोतांना आणि सरकारी दफ्तराला मोडी वाचणारी व हिशेब मांडणारी माणसे लागत. ती पंतोजींच्या शाळेत तयार होत. एखाद्या ओसरीवर किंवा देवळात मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. उजळणी, पावकी, निमकी, दिडकी पाठ करीत आणि मग मोडीकडे वळत. ही मुले बहुधा उच्चवर्णीय आणि व्यापारी घरांतली असत. लोहार, सुतार, कुंभार, चांभार यांची मुले बापाच्या हाताखाली कसब शिकत, तर कुणब्यांची मुले भातखाचरांत आणि गुरांमागे वाढत. धंदा जन्माने ठरत असल्यामुळे दुसरा धंदा शिकण्याची वाट जवळजवळ बंदच होती.

१८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षण खाते सुरू झाले. १८६३ पासून शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाऊ लागला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखला गेला. सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या आहेत, असे सरकारने १८५८ मध्येच जाहीर केले होते. गावोगावचा व्यवहार मात्र वेगळा राहिला. अस्पृश्य मुलाला प्रवेश मिळालाच, तर त्याची जागा वर्गाबाहेर असे.

या मुलांसाठी पहिले दार उघडले ते पलटणीने. मुंबई लष्करात कोकणातील महार मोठ्या संख्येने भरती होत आणि पलटणींच्या शाळांमधून शिपाई व त्यांची मुले लिहायला-वाचायला शिकत. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबुवा वलंगकर याच परंपरेतले. १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनी वृत्तपत्रांतून लेखन केले, ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका लिहिली आणि १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली. महारांची लष्करभरती १८९२ च्या सुमारास बंद झाली आणि नोकरीबरोबरच शिक्षणाचा हा मार्गही आटला.

पुढच्या पिढीला शाळेचा हक्क झगडून मिळवावा लागला. १९०३ साली जन्मलेले, महाडजवळच्या लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेने त्यांना प्रवेश नाकारला. त्यांची तक्रार वृत्तपत्रात छापून आल्यावर दार उघडले, पण बसण्याची जागा वेगळीच राहिली. हेच मोरे पुढे अस्पृश्यांच्या हक्कांसाठी १९२७ मध्ये भरलेल्या महाड परिषदेचे एक प्रमुख संयोजक झाले.

धंदेशिक्षणासाठी खोऱ्यातील माणसाला मुंबईच गाठावी लागे. भाताचे पीक निघाल्यावर माणसे गिरण्यांत आणि गोदीत कामाला जात व साच्यावर उभी राहूनच काम शिकत. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, पण निरक्षर कामगाराला तेथे शिरकाव नव्हता. ही उणीव काही अंशी भरून काढली ती महाडशेजारच्या गोरेगावचे ना. म. जोशी यांनी. त्यांच्या सोशल सर्व्हिस लीगने १९११ पासून कामगारवस्त्यांत रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. महाडच्या लढ्यातील अनंत चित्रे आणि गं. नी. सहस्रबुद्धे हे याच संस्थेत घडलेले कार्यकर्ते.

सीताराम केशव बोले यांच्या ठरावानुसार १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या काळात महाड नगरपालिकेनेही गावातील चवदार तळे खुले केले. त्याची अंमलबजावणी झाली ती २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाने. ज्या महाड परिषदेत हा सत्याग्रह झाला, तिच्या ठरावांत सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आणि वसतिगृहांना मदत या मागण्या होत्या, हे सहसा विसरले जाते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डॉ. आंबेडकरांनी महाडलाच स्त्रियांना मुली शिकवण्याचे आवाहन केले.

याच दशकात आफ्रिकेतील वसाहतींसाठी फेल्प्स-स्टोक्स आयोगाने शेती आणि हस्तकौशल्यावर भर देणारे शिक्षण सुचवले होते. तेथील अनेक पालकांना मात्र पुस्तकी शिक्षणच हवे होते, कारण नोकरी आणि मान त्यातून मिळत असे. महाडची मागणी त्याच प्रकारची होती. ज्यांच्यावर धंदा पिढ्यान्‌पिढ्या लादला गेला, त्यांनी आधी अक्षर मागितले.

स्वातंत्र्यानंतर या मागणीला संस्थांचे रूप आले. डॉ. आंबेडकरांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९६१ साली महाडला महाविद्यालय सुरू केले. १९६२ पासून प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या आणि पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत एकशिक्षकी शाळा पोचल्या. देशात १९५० पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआयची व्यवस्था उभी राहिली आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने तिला उमेदवारीची जोड मिळाली. बिरवाडी परिसरात महाडची औद्योगिक वसाहत वाढली, तेव्हा फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना प्रथमच घराजवळ काम दिसू लागले. जवळच लोणेरे येथे १९८९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापन झाले.

या खोऱ्यात शिक्षण आपोआप झिरपत खाली आले नाही. प्रत्येक पायरी कोणीतरी मागून आणि झगडून मिळवली. आज पोलादपूरच्या वाड्यांतील शाळा पटसंख्येअभावी अडचणीत असताना हा इतिहास धोरण ठरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवला पाहिजे. वाडीवरची शाळा टिकली, तरच आयटीआयच्या आणि विद्यापीठाच्या दारापर्यंत तेथील मूल पोचेल.