जोगळटेंभीचा निधी आणि पुनर्मुद्रणाचा पुरावा

एखाद्या राजाची नाणी किती सापडतात, यावरून त्याच्या कारकीर्दीची लांबी ठरविण्याचा मोह अभ्यासकास होतो. रोमन नाणी या बाबतीत सावध करतात. सम्राट गाल्बा इ. स. 68 च्या जूनमध्ये सत्तेवर आला व 15 जानेवारी 69 रोजी मारला गेला. तरी सुमारे सात महिन्यांत त्याची कांस्यनाणी विपुल पाडली गेली. त्याच्यामागून आलेला ओथो तीन महिने टिकला. त्याची सोन्याची व चांदीची नाणी आहेत. रोमच्या टांकसाळीतील कांस्यनाणे मात्र एकही ज्ञात नाही. तात्पर्य, नाण्यांच्या संख्येवरून काळ मोजता येत नाही.

नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे 1906 मध्ये सापडलेल्या निधीचा विचार याच दृष्टीने करावयास हवा. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान याची सुमारे 13,250 चांदीची नाणी होती. पैकी 9,270 च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटविला होता. एका बाजूस चैत्य व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. आणि त्याखालून नहपानाचा मुखवटा व ग्रीक अक्षरे कित्येकदा डोकावतात.

या निधीचे खरे महत्त्व संख्येत नसून छापांच्या क्रमात आहे. एकाच नाण्यावर आधीचा व नंतरचा असे दोन राजे दिसतात. मधल्या कोणा क्षत्रपाचे नाणे निधीत नाही. म्हणून गौतमीपुत्राने नहपानाची सत्ता प्रत्यक्ष उलथली, हे अनुमान बळकट होते. नाशिकच्या लेण्यांतील गौतमीपुत्राचा 18 व्या वर्षाचा लेख त्यास दुजोरा देतो. नहपानाचा जामात उषवदात याच्याकडे पूर्वी असलेले शेत भिक्षूंना दिल्याचे त्यात नमूद आहे.

परंतु या पुराव्याची मर्यादाही ध्यानी ठेवली पाहिजे. जुन्नरच्या लेखातील नहपानाचे 46 वे वर्ष शक संवताचे मानल्यास इ. स. 124 हे वर्ष येते. ‘पेरिप्लस’मधील मांबानोस म्हणजेच नहपान, असे मानणारे विद्वान त्याला पहिल्या शतकात नेतात; तसे असल्यास तो गाल्बाचा जवळपास समकालीन ठरेल. या वादाचा निर्णय निधी करीत नाही. कोण आधी व कोण नंतर, एवढे तो निःसंदिग्धपणे सांगतो. केव्हा, याचे उत्तर अन्य साधनांतूनच शोधावे लागेल.