संस्कृत घेऊन काय करणार?

बारावीचा निकाल लागला की आपल्या समाजात पंधरा दिवस दुसरं बोलणं नसतं. मुलगा असला तर बी.कॉम. करून सी.ए., नाही तर इंजिनिअरिंग. मुलगी असली की पहिला प्रश्न, बालाघाटातच राहून होईल असं काय आहे? त्यातून एखादीने संस्कृत नाही तर इतिहास घेते म्हटलं, की घरातले सगळे तिच्याकडे असे बघतात जशी ती दीक्षाच घ्यायला निघाली आहे. ते घेऊन काय करणार? शंभर वर्षांपूर्वी आपल्याच प्रांतातल्या एका जैन मुलाने संस्कृत घेतलं. त्यातून पुढे जे झालं त्याचा संबंध थेट आपण बायकांशी येतो, म्हणून ही हकीगत.

बालाघाट तेव्हा मध्य प्रांतात होतं. मॅट्रिकच्या पुढे शिकायचं तर एकीकडे जबलपूरचं रॉबर्टसन कॉलेज, दुसरीकडे नागपूरचं मॉरिस किंवा हिस्लॉप. गोंदिया-जबलपूर छोटी लाईन गावावरूनच जायची. पोरगा ट्रंक घेऊन कोणत्या बाजूच्या गाडीत बसला, त्यावर त्याचं पुढचं बरंच ठरून जायचं. पोरीसाठी गाडी तेव्हा दोन्ही बाजूंची बंदच म्हणायची. नागपूर विद्यापीठ 1923 साली निघालं. त्याआधी इथल्या कॉलेजांच्या परीक्षा अलाहाबाद विद्यापीठाच्या असत.

हीरालाल जैन हे नरसिंहपूर जिल्ह्यातल्या गांगई गावचे. रॉबर्टसन कॉलेजात बी.ए. झाले आणि अलाहाबादला जाऊन एम.ए.ला संस्कृत घेतलं. एल.एल.बी.सुद्धा केलं. वकिलीला त्या काळी मान होता, पैसाही होता. पण ते कोर्टात न जाता 1925 मध्ये अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवायला लागले. तिथून कारंजा जवळ. कारंज्याच्या मंदिरांमधल्या ग्रंथभांडारांत शेकडो हस्तलिखितं होती. त्यांतले अपभ्रंश भाषेतले ग्रंथ त्यांनी वाचले, जुळवले आणि छापायला घेतले. पुष्पदंताचं णायकुमारचरिउ 1933 साली त्यांनीच संपादून काढलं. कॉलेजात शिकलेलं संस्कृत आणि भांडारातली प्राकृत-अपभ्रंश पोथी, ह्या दोन्हींत हात असलेली माणसं तेव्हा बोटावर मोजण्यासारखी होती. दुसरे असे आ. ने. उपाध्ये. ते बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे. 1930 मध्ये एम.ए. होऊन कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवू लागले. मुंबई विद्यापीठात अर्धमागधी हा विषय घेता यायचा, त्यामुळे त्या भागातल्या कितीतरी जैन मुलांची आणि पुढे मुलींचीही आपल्या आगमांच्या भाषेशी ओळख झाली. आपल्याकडे तेवढी सोय नव्हती.

आता मूळ गोष्टीकडे येते. षट्खंडागम आणि त्यावरची वीरसेनाचार्यांची धवला टीका हा दिगंबरांचा सगळ्यांत जुना सिद्धांतग्रंथ. त्याच्या ताडपत्राच्या पोथ्या होत्या फक्त कर्नाटकात मूडबिद्रीला, जुन्या कन्नड लिपीत. त्यांचं दर्शन घ्यायचं, वाचायचं नाही. मुंबईचे शेठ माणिकचंद जव्हेरी आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी मनावर घेतलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोथ्यांची नक्कल सुरू झाली. ह्याच माणिकचंदांची मुलगी मगनबाई. लहान वयात विधवा झाली तेव्हा वडिलांनी तिला कोपऱ्यात न बसवता शिकवलं, आणि तिने पुढे मुंबईत श्राविकाश्रम काढला. पण नक्कल तयार झाली तरी ती मूडबिद्रीच्या बाहेर न्यायची परवानगी नव्हती. नक्कल करणारे होते गजपती शास्त्री. त्यांनी एक प्रत गुपचूप आपल्यासाठी उतरवून घेतली, आणि ह्या कामात त्यांना साथ होती पत्नी लक्ष्मीबाईंची. ती प्रत सहारनपूरला पोचली, तिथे पुन्हा एका पंडिताने तिची गुपचूप नक्कल केली, आणि मग प्रतींवर प्रती होत त्या कारंजा, अमरावतीपर्यंत आल्या. लक्ष्मीबाईंनी कोणतं कॉलेज पाहिलं असणार! पण सिद्धांतग्रंथाची अक्षरं उतरवण्याइतकी विद्या त्या बाईच्या हातात होती. ह्या सगळ्या हकिगतीत मला सगळ्यांत जास्त कुतूहल त्यांचंच आहे.

विदिशाच्या शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांनी पैसा दिला आणि हीरालालजींनी अमरावतीहून धवला छापायला घेतली. पंडित फूलचंद्र शास्त्री, पंडित हीरालाल शास्त्री असे पाठशाळेत तयार झालेले विद्वान बरोबर होते, उपाध्ये मदतीला होते. विरोधही झाला. गृहस्थाने सिद्धांत वाचू नये असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. तरी पहिला भाग 1939 साली निघाला, आणि सोळावा, शेवटचा, 1958 मध्ये.

त्या पहिल्याच भागात 93 वं सूत्र आहे. ते आहे मनुष्यिणींबद्दल, म्हणजे त्यांना कोणकोणती गुणस्थानं असतात ह्याबद्दल. हातात असलेल्या प्रतींत यादी ‘संजदासंजद’ पाशी थांबत होती, म्हणजे पाचव्या गुणस्थानाशी, श्राविकेच्या व्रतांपाशी. पण सूत्राखालची वीरसेनांची टीका वाचली की अडखळायला होतं. ती स्वतःच शंका काढते, मग ह्यावरून स्त्रियांना मोक्ष सिद्ध होणार नाही का? आणि त्या शंकेला उत्तरही देते. सूत्र पाचव्यावरच थांबत असेल तर मोक्षाची शंका निघेलच कशाला? संपादकांनी तळटीप दिली की इथे ‘संजद’ हा शब्द राहून गेलेला दिसतो. संजद म्हणजे संयत, पूर्ण संयमाचं, मुनिपदाचं स्थान. तो शब्द घातला की यादी पुढे जाते.

एका शब्दावरून समाजात वर्षानुवर्षं वाद पेटला. लेख निघाले, शास्त्रार्थ झाले. दिगंबर पंडितांचं म्हणणं, इथली मनुष्यिणी म्हणजे शरीराने स्त्री नव्हे, फक्त भावाने. आणि वीरसेनांचं उत्तरही त्याच दिशेचं आहे. श्वेतांबर घरांत तर स्त्रीमुक्ती मान्यच आहे, मल्लिनाथ त्यांच्याकडे स्त्रीच. हा वाद सोडवण्याचा माझा अधिकार नाही. पण शब्द होता की नव्हता, हा श्रद्धेचा प्रश्न नाही, वाचण्याचा आहे. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्राशी पाठ ताडून पाहिला, तेव्हा ‘संजद’ तिथे स्वच्छ लिहिलेला निघाला.

वाक्य कुठे तुटलं आहे हे ओळखायला व्याकरण लागतं, टीकेची भाषा लागते, आणि पुष्कळ वर्षं लागतात. ती कुणीतरी अठराव्या वर्षी सुरू केलेली असावी लागतात. आपल्याबद्दलचं एक सूत्र अपुरं छापलं जाणार होतं आणि ते अपुरं आहे हे सांगणाऱ्यांत एकही बाई नव्हती. बायकांना बुद्धी नव्हती असं नाही, त्यांना विषयच निवडू दिला नव्हता. मला विचाराल तर नवल ह्याचं वाटतं, की आज विषय निवडता येतो तरी सामायिकाचे पाठ घडाघडा म्हणणाऱ्या आपल्या मुलींना त्यातल्या एका ओळीचा अर्थ विचारला तर त्या महाराजसाहेबांकडे बोट दाखवतात. (मोठ्या बायकाही. त्यात मीसुद्धा आले.)

पोट भरायचं काय, हा प्रश्न खोटा नाही. हीरालालजींचं भरलं, कारण त्या काळी सरकारी कॉलेजातली जागा मिळाली. मॉरिस कॉलेजात, वैशालीच्या प्राकृत संस्थेत, शेवटी जबलपूर विद्यापीठात त्यांनी शिकवलं. आज तशा जागा थोड्या. ज्या घरात मुलीच्या पगारावर चूल पेटणार आहे तिने नर्सिंग घेतलं, बी.सी.ए. घेतलं तर तिला कुणी बोल लावू नये. पण आपल्यातल्या कितीतरी घरांत मुलीला नोकरी करूच द्यायची नसते आणि तरी विषय मात्र नोकरीचा घ्यायला लावतात. हे गणित मला कधी कळलेलं नाही.

बालाघाटची कॉलेजं आधी जबलपूर विद्यापीठाची होती, आता छिंदवाड्याच्या राजा शंकर शाह विद्यापीठाची आहेत. प्राकृत शिकायचं तर नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृतचा विभाग आहे, म्हणजे आपल्यासाठी तीच जुनी गोंदियाकडची गाडी. घर सोडता येत नसेल तर राजस्थानात लाडनूंचं जैन विश्वभारती घरी बसून जैनविद्येचे अभ्यासक्रम करू देतं, आणि तिथे वयाची अट नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मराठीबरोबर प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा मंदिरात पेढे वाटले गेले. धवलेचे सोळा भाग आपल्याकडे बऱ्याच मंदिरांत काचेच्या कपाटात आहेत, खाली हिंदी अनुवादासकट. पहिल्या भागात 93 वं सूत्र काढून बघा, तळटीप तिथेच आहे.