भोंगा आता कोणी वाजवायचा? : घरी बसून शिकण्याचा इतिहास आणि आपण



आपल्या सोलापुरातील वडीलधाऱ्या मंडळींना विचारून पाहा. ती सांगतील की एके काळी या शहरात घरोघरी घड्याळाची गरज नव्हती. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, तिच्यामागून आणखी गिरण्या उभ्या राहिल्या आणि सारे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठू-बसू लागले. भोंगा झाला की चूल पेटायची, पुन्हा झाला की कामगार डबा घेऊन बाहेर पडायचा. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि भोंगेही थांबले. भोंगा थांबला म्हणजे माणूस मोकळा झाला, असे आपल्याला वाटते. परंतु ज्याला आपले काम आपणच ठरवून करावे लागते, त्याला विचारा. मोकळा म्हटलेला वेळच सर्वांत आधी हरवतो.

आज हे सांगण्याचे कारण असे, की आपल्या मोहल्ल्यांतील कितीतरी मुलेमुली आता ऑनलाइन अभ्यासक्रमांना नाव नोंदवू लागली आहेत. तेथे घंटा नाही, हजेरी नाही, उशिरा आलात म्हणून रागावणारे सर नाहीत. ‘आपल्या सवडीने शिका’ असे आश्वासन असते. मग होते असे, की नाव नोंदवणारे पुष्कळ आणि पुरे करणारे थोडे. घरच्यांनी भरलेली फी वाया जाते. त्याहून वाईट म्हणजे, ‘आपल्याला हे जमत नाही’ असा समज त्या मुलाच्या मनात कायमचा बसतो. तो समज बहुधा खोटा असतो. सवडीने शिकूनही वेळेत आणि नीट पुरे करणारी माणसे पूर्वीही होती, आजही आहेत. त्यांनी ते कसे साधले, हे इतिहासालाच विचारू या.

सबक आणि आमोख्ता

सवडीने शिकणे ही संगणकाची देणगी आहे, असे समजू नका. जुन्या मदरशांत आजच्यासारख्या इयत्ता नव्हत्या. विद्यार्थी एखाद्या उस्तादांकडे एक किताब घेऊन बसे, ती पुरी करी आणि उस्तादांची खात्री पटली म्हणजे त्या किताबीपुरती ‘इजाजत’ मिळवी. किती महिने लागले, हे कोणी मोजत नसे. किताब आली की नाही, एवढेच पाहिले जाई. आपल्यापासून फार दूर नसलेल्या बीदर शहरात ख्वाजा महमूद गवान यांनी १४७२ च्या सुमारास बांधलेला मदरसा पडझड होऊनही आज उभा आहे. सहलीला जाल तेव्हा तो अवश्य पाहा.

पुढे अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलमधील मुल्ला निजामुद्दीन यांनी (मृत्यू १७४८) जो अभ्यासक्रम बसवला, तो ‘दर्से-निजामी’ या नावाने हिंदुस्थानभर पसरला. त्यातील एक युक्ती आजच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. प्रत्येक विषयात पुस्तकांचा ढीग न लावता त्यांनी मोजक्याच, पण कसदार आणि कठीण किताबी निवडल्या. त्या ज्याला समजल्या, तो त्या विषयातील बाकीची पुस्तके आपल्या बळावर वाचू शके. त्यामुळे हुशार विद्यार्थी सोळा-सतराव्या वर्षीच हा सारा अभ्यास संपवू शकत असे. त्याने घाई केली म्हणून तो लवकर संपवत नसे. निवड नेमकी होती म्हणून संपवत असे.

आणखी एक गोष्ट तर आपल्या घरातीलच आहे. हिफ्ज करणारे मूल रोज नवा सबक देते, पण त्याआधी मागचा आमोख्ता ऐकवते. किताब मिटून, आठवून ऐकवते. या जुन्या रीतीला आधुनिक पुरावाही मिळाला आहे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवून लिहिला. आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के भाग आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

म्हणजे जुन्या रीतीत वेग विद्यार्थ्याचा असला, तरी रोजची वेळ होती आणि ऐकणारे कोणीतरी समोर होते. हे दोन धागे विसरू नका. पुढच्या साऱ्या इतिहासात तेच दिसतील.

टपालाने आलेली विद्या

१८४० साली इंग्लंडात एका पेनीत देशभर कोठेही पत्र पोचवण्याची सोय झाली आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकवण्यास आरंभ केला. शिष्य उतारा लघुलिपीत लिहून पाठवीत, चुका दुरुस्त होऊन तो परत येई. धडा पाठवणे सोपे होते. खरी किंमत त्या परत येणाऱ्या कागदाची होती. १८५८ साली लंडन विद्यापीठाने महाविद्यालयात न जाताही पदवीच्या परीक्षेला बसण्याची मुभा दिली.

आपल्या देशात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. सोलापूरची महाविद्यालये २००४ पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. तुमच्या वडिलांच्या पिढीतील ‘बहिःस्थ’ पदवीधर तुम्हांला आजही भेटतील. नोकरी सांभाळून रात्री कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात त्यांनी अभ्यास कसा केला, ते त्यांच्याच तोंडून ऐका. बहुतेक जण एकच सांगतील : “अमुक वाजता बसायचे म्हणजे बसायचे.”

१९८५ साली इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) आणि १९८९ साली नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. नाशिकच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू प्रा. राम ताकवले होते आणि त्याचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. १९९८ साली हैदराबादला मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ निघाले आणि उर्दू माध्यमातून घरी बसून शिकण्याची वाट खुली झाली. संसार करणाऱ्या स्त्रिया, यंत्रमागावरचे कामगार, दुकानात बसणारी मुले यांना पदवीचा दरवाजा या संस्थांनी उघडून दिला.

परंतु या जाणत्या मंडळींनी केवळ पुस्तके घरी पाठवून हात झटकले नाहीत. त्यांनी अभ्यासकेंद्रे काढली, संपर्कसत्रे ठेवली, समंत्रक नेमले, स्वाध्याय लिहून घेतले. महाविद्यालयाची भिंत काढल्यावर तिच्या जागी दुसरे काही उभे करावे लागते, हे त्यांना ठाऊक होते.

नाव नोंदवले, पुढे काय?

आता संगणकाचे युग. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारने ‘स्वयम्’ सुरू केले. त्यावरील अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तर फी पडते. आपले महाविद्यालय मान्य करीत असेल, तर त्याचे श्रेयांकही पदवीत धरले जातात. २०२१ च्या नियमांनी ही मर्यादा एका सत्राच्या ४० टक्क्यांपर्यंत नेली.

सोय झाली, पण सिद्धी? हार्वर्ड आणि एम.आय.टी. या अमेरिकेतील नामवंत संस्थांनी २०१२ पासून चालवलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदी तपासून २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नाव नोंदवलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता! २०१७-१८ मध्ये भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांनीच तो पुरा केला. मात्र ज्यांनी पैसे भरून प्रमाणपत्राचा निश्चय केला होता, त्यांच्यापैकी ४६ टक्के पार पडले. धडे सर्वांना तेच होते, शिक्षकही तेच. फरक पडला तो निश्चयाचा. तेव्हा हे अपयश केवळ आपल्याच मोहल्ल्यातले आहे, असे मानून खचू नका. ते जगभरचे आहे.

लवकर आणि नीट पुरे करायचे तर

पहिली गोष्ट हिशेबाची. मुक्त विद्यापीठांच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे सुमारे ३० तासांचा अभ्यास धरतात. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे १२० तास. आठवड्यातून सहा दिवस रोज दोन तास बसलात, तर दहा आठवड्यांत संपेल. रोज एकच तास दिलात, तर वीस आठवडे लागतील. हा हिशेब नाव नोंदवण्यापूर्वी कागदावर करा आणि तारीख घालून भिंतीवर लावा. इग्नूच्या तीन वर्षांच्या बी.ए.ला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. ही सवलत अडलेल्यांसाठी आहे. पण पुष्कळ जण पहिल्या दिवसापासूनच ती आपली समजून चालतात आणि तेथेच गाडी रुळावरून घसरते.

दुसरी गोष्ट नियमांची. स्वाध्याय किती, शेवटची तारीख कोणती, परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, हे आधी वाचा. उदाहरणार्थ, ‘स्वयम्’वरील एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमांत साधारणतः बारांपैकी उत्तम आठ स्वाध्याय धरून त्यांना २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के वजन असते. चार सोडले तरी चालतात म्हणून आरंभीचेच चार सोडणारा पुढे अडकतो. पहिले आठ हातावेगळे करणारा निश्चिंत असतो.

तिसरी गोष्ट निवडीची. एका वेळी पाच विषय उघडून बसू नका. एक, फार तर दोन घ्या, ते संपवा, मग पुढचे. प्रत्येक घटकाच्या शेवटी प्रश्न असतात. घटक वाचण्यापूर्वीच ते सोडवून पाहा. येत असतील तर त्या घटकावर ओझरती नजर टाकून पुढे चला, येत नसतील तर तेथेच मुक्काम करा. वेळ वाचतो तो येथे.

चौथी गोष्ट आमोख्त्याची. व्याख्यान पाहत राहणे म्हणजे अभ्यास नव्हे. ते थांबवा, वही उघडा आणि काय समजले ते आपल्या शब्दांत लिहा. दुसऱ्या दिवशी नव्या धड्याआधी कालचा धडा न पाहता सांगा.

पाचवी गोष्ट प्रामाणिकपणाची. बाजारातून तयार स्वाध्याय आणून उतरवला की एक संध्याकाळ वाचते आणि परीक्षेच्या दिवशी ती व्याजासह वसूल होते. तसेच, ‘तीन वर्षांची पदवी सहा महिन्यांत’ देणाऱ्या दलालांपासून सावध राहा. अमेरिकेत १९९७ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत सहामाहीची ठोक फी भरून जितके विषय येतील तितके पुरे करता येतात; पण तेथेही प्रत्येक विषयाची कसोटी द्यावीच लागते. आपल्याकडे पदवीला ठरलेला किमान काळ असतो. संस्थेला आणि त्या अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे फी भरण्यापूर्वीच तपासा.

पालकांना चार शब्द

पालकहो, आता तुमच्याकडे वळतो. समजा, तुमची मुलगी घरी बसून बी.ए. करते आहे. ती घरातच आहे, म्हणून दर अर्ध्या तासाने तिला हाक जाते. पाहुणे आले, चहा ठेव. धाकटा रडतो, त्याला घे. विड्यांची पाने भिजवायची राहिली, तेवढी भिजव. महाविद्यालयात जाणाऱ्या भावाला आपण अशी हाक मारत नाही, कारण तो दिसत नाही. घरी शिकणाऱ्या मुलीचे महाविद्यालय म्हणजे घराचा तो एक कोपरा आणि घड्याळातले ते दोन तास. तेवढे तिला द्या. त्या दोन तासांत फोन तिच्या एकटीच्या हाती असू द्या आणि त्या वेळी तिला ‘ती कॉलेजात गेली आहे’ असे समजा. रात्री जेवताना एवढेच विचारा, “बेटी, आज काय शिकलीस?” तुम्हांला तो विषय समजण्याची गरज नाही. ऐकणारे कोणी आहे, एवढे तिला समजले की पुरे. पिटमनचा तपासून परत येणारा कागद आणि उस्तादांसमोरचा आमोख्ता, दोन्हींचे काम तुमचा तो एक प्रश्न करील.

आणि विद्यार्थी मित्रांनो, शक्य असेल तर एकट्याने शिकू नका. तोच अभ्यासक्रम घेतलेले दोघे-तिघे मिळून आठवड्यातून एकदा बसा आणि एकमेकांना प्रश्न विचारा. एक जण मागे पडला तर दुसऱ्याने त्याच्या दारावर थाप मारावी.

गिरणीचा भोंगा मालकाचा होता. तो मालकाच्या कामासाठी वाजे, आणि ज्या दिवशी गिरणी बंद पडली त्या दिवशी आपल्या वाडवडिलांचे घड्याळही बंद पडले. तुमचा भोंगा तुमचा आहे. तो दुसऱ्या कोणाला बंद करता येणार नाही. मात्र तो वाजवावाही तुम्हांलाच लागेल. ही स्मरणिका मिटल्यावर एक कागद घ्या, विषयाचे नाव, तास आणि शेवटची तारीख त्यावर लिहा, आणि उद्या ठरल्या वेळी बसा. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत यशस्वी विद्यार्थ्यांच्या यादीत तुमचे नाव वाचण्याची आम्ही वाट पाहत आहोत.