केपटाऊनचे कोकणी: कागदावरचा बाप आणि घरातली बोली

सावंगीहून वर्धा शहर ओलांडलं की सेवाग्राम. आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक शाळेची सहल तिथे जाऊन येते, त्यामुळे दक्षिण आफ्रिकेतले गांधीजी मुलांना तोंडपाठ असतात. पीटरमॅरित्झबर्गचं स्टेशन, फर्स्ट क्लासचा डबा, थंडीतली रात्र, सगळं. १९१३ सालचा एक कोर्टाचा निकाल मात्र आलाच तर एका ओळीत येतो आणि जातो. शिकवताना मी त्या ओळीवर थांबतो.

१४ मार्च १९१३. केपटाऊनच्या कोर्टात न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे हसन इसप या माणसाचं प्रकरण होतं. त्याची बायको बाई मरियम हिला देशात येऊ दिलं जात नव्हतं. न्यायमूर्तींनी निकाल दिला की ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करायची मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने झालेलं लग्न हा कायदा लग्न मानत नाही. नवऱ्याला एकच बायको असली तरी मानत नाही. एका निकालाने मुसलमानांचे निकाह गेले आणि हिंदूंची, पारशांची लग्नंही गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात कस्तुरबा सत्याग्रहात उतरल्या आणि तुरुंगात गेल्या, त्यामागे हा अपमान होता. पुढे १९१४ च्या कायद्याने एका बायकोपुरतं लग्न मान्य झालं आणि जुलैत गांधीजी केपटाऊनहूनच बोटीत बसले. पाठ्यपुस्तक इथे संपतं. पण ज्यांना तिथेच राहायचं होतं, त्यांचं काय झालं?

त्यांत आपले कोकणी मुसलमान होते. रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, खाडीकाठच्या गावांतले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते केपटाऊनला जाऊ लागले. नाताळच्या उसाच्या मळ्यांवर १८६० पासून गेलेले गिरमिटिये वेगळे. हे लोक स्वतःच्या पैशाने तिकीट काढून गेलेले. कोणी फेरीवाला झाला, कोणी कोपऱ्यावर छोटं दुकान टाकलं. समुद्र त्यांना नवा नव्हता. चौल, दाभोळ या बंदरांत अरब व्यापाऱ्यांची वस्ती हजार वर्षांपूर्वीची आहे. दहाव्या शतकात अल-मसूदीने चौलच्या मुसलमान वस्तीबद्दल लिहून ठेवलं आहे. त्या अरबांबरोबर कोकणात शाफई मसलक आला. माहीमचे मखदूम अली माहिमी, ज्यांनी चौदाव्या-पंधराव्या शतकात कुराणावर तफसीर लिहिली, तेही शाफईच.

हा मसलकाचा मुद्दा आमच्या विदर्भातल्या हनफी वाचकाला किरकोळ वाटेल. केपटाऊनमध्ये तो फार मोठा ठरला. तिथले जुने मुसलमान, ज्यांना केप मलाय म्हणतात, हे डच लोकांनी इंडोनेशियाच्या बेटांतून आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरूनही गुलाम म्हणून किंवा हद्दपार करून आणलेल्यांचे वंशज. मकासरचे शेख युसुफ १६९४ मध्ये तिथे पोचले. हे लोकही शाफई. १८६० च्या दशकात तुर्की सुलतानाने अबू बकर एफेंदी नावाचे आलिम केपटाऊनला पाठवले. ते हनफी फतवे देऊ लागले आणि त्यांनी तिथल्या समुद्रातली शेवंडी हराम ठरवली, तेव्हा गाव त्यांच्यावर उलटलं. कोळंबी खावी की नाही, खेकडा खावा की नाही यावर आपल्याकडे अजून दस्तरखानावर वाद होतात, तोच हा वाद. कोकणी माणसाला तो कधी पडलाच नाही, समुद्रातलं सगळं त्याला हलाल. त्यामुळे केपटाऊनच्या मशिदीत तो परका झाला नाही. नमाज तीच, मसला तोच. बरेच जण एकटे गेले होते, त्यातल्या अनेकांनी तिथल्याच मलाय बायकांशी निकाह केले. सुरतेकडच्या हनफी व्यापाऱ्यांपेक्षा यांचं तिथे मिसळणं सोपं गेलं, असं माझं मत आहे.

मिसळणं सोपं असलं की टिकणं अवघड होतं. टिकण्यासाठी गावाकडची बायको लागते, गावाकडची मुलं लागतात. नेमकं तेच सरकारने कठीण करून ठेवलं. १९०२ च्या केपच्या कायद्याने नव्या माणसाला युरोपातली एखादी भाषा लिहिता आली पाहिजे अशी अट घातली. उर्दू, मराठी, अरबी लिहिणारा त्यांच्या लेखी निरक्षर. १९०६ च्या कायद्यानंतर गावी जाऊन परत यायचं असेल तर परवाना घ्यावा लागे. त्यावर फोटो, अंगठ्याचे ठसे आणि परतण्याची मुदत. आजारी आईच्या उशाशी बसलेल्या माणसाने मुदत चुकवली तर केपटाऊनचं दुकान, तिथला हक्क, सगळं गेलं. १९१३ च्या कायद्याने नव्या हिंदी माणसाला दार जवळजवळ बंदच केलं. आधीच राहत असलेल्याची बायको आणि लहान मुलं एवढीच आत येऊ शकत होती.

मग माणसांनी काय केलं? तिथे राहणारा काका पुतण्याला मुलगा म्हणून घेऊन गेला. मामाने भाच्याला नेलं. केपटाऊनजवळच्या विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या उमा धुपेलिया-मेस्त्री यांनी या कागदांवर बरीच वर्षं काम केलं आहे. खोटे बाप आणि खोटे मुलगे या विषयावर त्यांचा स्वतंत्र लेखच आहे. (त्या गांधीजींच्या पणती आहेत, मणिलाल गांधींच्या मुलीच्या कन्या.) बंदरावरचे अधिकारी अशा पोरांना घराबद्दल, गावाबद्दल, भावंडांबद्दल प्रश्न विचारत आणि उत्तरं पडताळून पाहत. दहा-बारा वर्षांचं पोर बोटीतून उतरल्यावर चुलत्याला अब्बा म्हणायला शिकलेलं.

कायद्याच्या भाषेत ही फसवणूक. मला ती तशी वाटत नाही. आपल्या एकत्र कुटुंबात चुलता हा बापासारखाच असतो. तो मुलाला वाढवतो, कामाला लावतो, त्याचा निकाह लावून देतो. इंग्रजी फॉर्मात बापाचा एकच रकाना होता आणि त्यात चुलता बसत नव्हता. पण याची किंमत होती. कागदावर बाप बदलला की नाव बदलतं. कोकणात माणसाची ओळख परकार, मुकादम, दळवी, काझी अशा आडनावांनी होते आणि आडनावावरून गाव आणि खानदान कळतं. दक्षिण आफ्रिकेच्या दफ्तरांत बापाचं पहिलं नावच आडनाव म्हणून चढायचं. युसुफचा इसप झाला आणि तेच पुढच्या पिढीचं आडनाव. त्यात हा चुलत्याचा बाप. ज्या वंशासाठी एवढी धडपड केली, त्याचा धागा कागदावर तिथेच तुटला. घरात सगळ्यांना खरं माहीत असायचं आणि बाहेर कोणी बोलायचं नाही.

मुंबईहून दर्बानला ज्या बोटी जात त्यांतली एक ‘कारंजा’. आमच्या भागातल्या माणसाला हे नाव ऐकून कारंजा (घाडगे) किंवा कारंजा लाड आठवेल. बोटींची ये-जा चालू होती तोवर गावाहून नवरी येत राहिली आणि नवरीबरोबर बोली. १९५३ च्या दुरुस्तीने तेही संपवलं: हिंदुस्थानात लग्न करून आणलेल्या बायकोला प्रवेश नाही. माझ्या मते केपटाऊनच्या कोकणी बोलीला सर्वांत मोठा धक्का हाच. मुलं आईची भाषा बोलतात, हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही.

भाषेचा तिढा मला जवळचा आहे, कारण मी दोन भाषा शिकवतो आणि माझे विद्यार्थी घरी तिसरीच बोलतात. केपटाऊनला गेलेल्या माणसाची घरची बोली कोकणी होती, मराठीची सख्खी बहीण. पण मदरशात शिकवली गेली ती उर्दू. दीन उर्दूत, इज्जत उर्दूत, पत्रव्यवहार उर्दूत. कोकणी राहिली स्वयंपाकघरात. ग्राहकाशी अफ्रिकान्स, शाळेत इंग्रजी. म्हणजे एकाच घरात चार भाषा आणि त्यांत सर्वांत खालच्या पायरीवर आईची. कोकणात आजही किती घरांत बोलतात कोकणी आणि मातृभाषा विचारली की सांगतात उर्दू! उर्दू मला माझ्या पोटच्या पोरासारखी आहे, तिच्यावर माझं घर चालतं. तरीही म्हणतो, केपटाऊनमध्ये कोकणी उताराला लागली त्यात अफ्रिकान्स-इंग्रजीचा जेवढा हात आहे तेवढाच आपल्या या लाजेचा. केपटाऊन विद्यापीठातले भाषाशास्त्रज्ञ राजेंद मेस्त्री यांनी या बोलीचा अभ्यास केला, तिच्यात अफ्रिकान्स शब्द कसे शिरले हे नोंदवलं. बोली म्हाताऱ्यांच्या तोंडी जास्त, तरुणांची भाषा इंग्रजी.

गंमत अशी की ज्या सरकारने भाषेची वाट अडवली, त्यानेच दुसऱ्या बाजूने ओळख अंगावर लादली. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाला वंशाच्या खान्यात टाकलं. ‘इंडियन’ आणि ‘केप मलाय’ हे दोन वेगळे खाने. बाप कोकणी, आई मलाय, अशा घरातल्या भावंडांनी कुठे जायचं? त्याच वर्षीच्या ग्रुप एरियाज ॲक्टने खान्याप्रमाणे वस्त्या ठरवल्या. ११ फेब्रुवारी १९६६ ला डिस्ट्रिक्ट सिक्स हा भाग फक्त गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला आणि पुढच्या काही वर्षांत साठ हजारांहून अधिक माणसं तिथून हलवली गेली. घरं पाडली, मशिदी मात्र ठेवल्या. हिंदी म्हणून नोंदलेल्यांच्या वाट्याला रायलँड्स आलं. तिथे कोकणी, सुरती, तमिळ सगळे शेजारी झाले, आणि जुन्या गल्लीतले मलाय सोयरे दुसऱ्या वस्तीत गेले.

आता त्या परवान्यांच्या फायली केपटाऊनच्या पुराभिलेखागारात आहेत. फोटो, अंगठे, सह्या, आणि गावांची नावं इंग्रज कारकुनाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिलेली. पणजोबांचं गाव शोधायचं असेल तर ते स्पेलिंग मोठ्याने वाचून, वेगवेगळ्या तऱ्हेने उच्चारून बघावं लागतं, आणि ते गाव कोणतं हे ओळखायला कोकणी येणारं कोणीतरी शेजारी बसलेलं असावं लागतं.