भोंग्यावरचं मशालीचं गाणं

१९८१च्या जुलैत विलायतेत 'द स्पेशल्स' या बँडचं 'घोस्ट टाउन' पहिल्या नंबरावर गेलं. गाणं ओसाड पडत चाललेल्या शहरांचं, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिथल्या शहरांत दंगली पेटल्या होत्या. आमच्या अमरावती-अकोल्याकडे तेव्हा गिटार दिसायची ती ऑर्केस्ट्रात, किशोरकुमारच्या गाण्यांपुरती. राज्यकर्त्यांना सुनावणारं गाणं आमच्याकडे आलं ते सिनेमातून, आशाबाईंच्या आवाजात. लिहिणारा मात्र आमचाच.

सुरेश भट अमरावतीचे, जन्म १९३२चा. जब्बार पटेलांच्या 'सिंहासन'मध्ये, म्हणजे १९७९ साली, त्यांचं मशाली पेटवायला सांगणारं 'उषःकाल होता होता' आलं. चाल हृदयनाथ मंगेशकरांची. कथा अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून, पटकथा तेंडुलकरांची. मुख्यमंत्री अरुण सरनाईक आणि त्यांच्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री डॉ. लागू. आमच्या खेड्यांत हा सिनेमा फारसा कुणी पाहिला नाही. गाणं मात्र पोचलं, आणि ते आम्ही भोंगेवाल्यांनी पोचवलं. हे कुठल्या पुस्तकात यायचं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

माझ्याकडे आहुजाचा अँप्लिफायर, दोन भोंगे आणि एक टेप. कॅसेट दुकानातून भरून आणलेली: आधी दोन भक्तिगीतं, मग हे. रीळ गुंतली की पेन्सिल घालून गुंडाळायची. सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदीवर कास्तकार तेव्हा चिडलेला. भावासाठी सभा असली की पुढारी येईस्तोवर तासभर हेच. "लाव नं बाप्पा थे मशालीचं गानं," अशी फर्माईश यायची. गर्दी जमली की मी आवाज वाढवत नसे, उलट थोडा उतरवायचो. लोक बोलणं थांबवून कान देतात.

मग एका निवडणुकीत सत्तेतल्या पक्षाच्या सभेचं काम मिळालं. त्यांनीही हेच मागितलं! मी लावलं. स्टेजवरची मंडळी मान डोलवत होती.

गाण्यात कुणाचं नाव नाही, तेव्हा ज्याला हवं त्यानं ते आपलं म्हणावं. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचं असं झालं नव्हतं. भजनाचा रोख कुणाकडे आहे ते इंग्रजाला बरोबर कळलं. १९४२ साली त्यानं महाराजांना चंद्रपुरात धरलं आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. भटांच्या गाण्यावर आमचे साहेब लोक ताल धरायचे. दोष गाण्याचा की कातडीचा? मला विचाराल तर कातडीचा.

१९८३ साली भटांचा 'एल्गार' हा संग्रह आला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या सभांत पोरं एका हातात पुस्तक अन् दुसऱ्यात माईक धरून त्यातल्या गझला म्हणायची. "एको बंद ठेवा काका, शब्द कळले पाहिजेत," एवढीच त्यांची अट. अशा सभांत टेपचं भाडं बुडायचं, आणि सत्तेवाल्यांकडून 'एल्गार'साठी कधी बोलावणं आलं नाही.